समूहस्वरांतील स्मरण : युद्धात पडलेल्यांसाठी गायिलेली शांतिगीते

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय सांगितला तेव्हा कित्येकांनी विचारले, की युद्ध, संगीत आणि शांती या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय? युद्धाशी संबंध असतो तो रणवाद्यांचा आणि वीरगीतांचा. ते खरेच आहे. परंतु रणवाद्ये वाजतात ती युद्धापूर्वी आणि युद्धात. युद्ध संपते, सैन्य माघारी येते, मिरवणुका निघतात, पदके वाटली जातात आणि मग एके दिवशी गावातील काही घरांच्या ध्यानात येते, की आपला मुलगा आता कधीच येणार नाही. त्या घरांसाठी समाज काय गातो, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न गेल्या शतकात युरोपला फार तीव्रतेने पडला. त्याची जी उत्तरे तेथील संगीतकारांनी शोधली, त्यांतील दोन आज मी आपणापुढे ठेवणार आहे. त्यांपैकी एकाचा आपल्या देशाशी अगदी जवळचा संबंध आहे आणि तो आपल्याला फारसा ठाऊक नाही.

'रेक्विएम' म्हणजे काय?

प्रथम एका शब्दाचा परिचय करून घेऊ. ख्रिस्ती परंपरेत मृतांसाठी जी लॅटिन प्रार्थना होते, तिला 'रेक्विएम' म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ 'विश्रांती'. मृतात्म्यास चिरविश्रांती लाभो, या याचनेने ती प्रार्थना सुरू होते, म्हणून तिला हे नाव पडले. शतकानुशतके युरोपातील थोर संगीतकारांनी या शब्दांना स्वर दिले. मोझार्टचे रेक्विएम त्याच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. व्हेर्दीचे १८७४ साली प्रथम गायिले गेले.

या रचना एकट्याने गावयाच्या नसतात. त्यांना मोठा गायकवृंद लागतो. आपल्याकडील समूहगीत आणि त्यांचे वृंदगान यांतील भेद येथे ध्यानात घ्यावयास हवा. आपण सामूहिक गीत म्हणतो तेव्हा शंभर कंठांतून एकच चाल निघते आणि त्या एकस्वरातच तिचे सामर्थ्य असते. पाश्चात्त्य वृंदगानात स्त्रियांचे उंच व खालचे, पुरुषांचे उंच व खालचे असे चार आवाज चार वेगळ्या चालींनी जातात आणि तरीही क्षणोक्षणी एकमेकांशी जुळतात. शोकाला ही पद्धत फार शोभते. आईचे दुःख वेगळे, पत्नीचे वेगळे, सोबत्याचे वेगळे. तरी ते एका गावाचे दुःख असते.

साडेबाराशे कलावंतांचे स्मरण

११ नोव्हेंबर १९१८ रोजी सकाळी ११ वाजता पहिले महायुद्ध थांबले. पुढच्याच वर्षापासून इंग्लंडमध्ये त्या दिवशी, त्या क्षणी दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची प्रथा पडली. लंडनमध्ये रिकाम्या समाधीचे स्मारक उभे राहिले. ते ज्या वास्तुविशारदाने रचले, त्या ल्युटेन्सनेच पुढे दिल्लीचे इंडिया गेट रचले. दगड झाला, मौन झाले. आता स्वर हवा होता.

तो देण्याचे धाडस जॉन फोल्ड्स या संगीतकाराने केले. १८८० साली मँचेस्टरमध्ये जन्मलेला हा गृहस्थ तेथील प्रसिद्ध हॅले वाद्यवृंदात चेलो वाजवीत असे. युद्ध संपताच त्याने 'वर्ल्ड रेक्विएम' रचावयास घेतले आणि १९२१ मध्ये ते पूर्ण केले. नावातच त्याचा हेतू स्पष्ट आहे. हे रेक्विएम केवळ विजयी इंग्रजांच्या मृतांसाठी नव्हते. सर्व राष्ट्रांतील मृतांसाठी आणि मागे उरलेल्या त्यांच्या आप्तांच्या सांत्वनासाठी होते. शत्रूचा राग अजून धगधगत असताना 'सर्व राष्ट्रांतील' हा शब्द उच्चारणे सोपे नव्हते.

११ नोव्हेंबर १९२३ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या आश्रयाखाली, ते प्रथम सादर झाले. गायक-वादकांची संख्या होती सुमारे १,२५०. त्यासाठी खास गायकवृंद उभारला गेला आणि त्याला स्मारकाचेच, 'सेनोटाफ'चे, नाव देण्यात आले. प्रियजन गमावलेल्या सामान्य कुटुंबांनी सभागृह भरून गेले होते.

आता आपल्या संबंधाची गोष्ट. या रचनेचे शब्द जुळविले फोल्ड्सच्या पत्नीने. तिचे नाव मॉड मॅकार्थी. ती आयरिश, उत्तम व्हायोलिनवादक. डॉ. ॲनी बेझंट यांच्यासमवेत ती तरुणपणीच भारतात आली होती. येथे तिने आपले संगीत नुसते ऐकले नाही; ते अभ्यासले, गळ्यावर चढविले आणि मायदेशी परतल्यावर त्यावर सप्रयोग व्याख्याने दिली. या बाईंनी 'वर्ल्ड रेक्विएम'साठी बायबलमधील वचने घेतली, जॉन बन्यनच्या प्रसिद्ध रूपककथेतील भाग घेतला आणि त्यांच्या जोडीला काशीच्या कबीराचे काव्य घेतले! लंडनच्या भर सभागृहात, साम्राज्याच्या ऐन मध्याह्नी, इंग्रज सैनिकांच्या माता-पित्यांचे सांत्वन करावयास एक भारतीय संत उभा राहिला. राज्यकर्त्यांचे लेखणीबहाद्दर भारताला सुसंस्कृत करण्याच्या बाता मारीत होते तो हा काळ. दुःखाच्या क्षणी मात्र त्यांच्यातीलच एका विदुषीला शांतीचे शब्द शोधण्यासाठी आपल्याकडे वळावेसे वाटले.

१९२३ ते १९२६ अशी सलग चार वर्षे हे रेक्विएम लंडनमध्ये गायिले गेले. श्रोत्यांनी ते हृदयाशी धरले, समीक्षकांचे मत मात्र विभागलेले राहिले. १९२७ पासून त्या दिवशी माजी सैनिकांनी युद्धकाळातील आपली गाणी सामूहिकपणे म्हणण्याचा कार्यक्रम रूढ झाला आणि 'वर्ल्ड रेक्विएम' कपाटात गेले. ते पुन्हा बाहेर आले ११ नोव्हेंबर २००७ रोजी, त्याच रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. मध्ये ८१ वर्षे लोटली होती.

आणि फोल्ड्स? १९३५ साली तो पत्नीसह भारतात आला. दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाची धुरा त्याने सांभाळली, आपल्या वाद्यांचा आणि वादकांचा वृंद उभारण्याचे प्रयोग केले. संस्कृत विषयावरील एक संगीतिका तर त्याने भारतात येण्यापूर्वीच आरंभिली होती. तिच्यातील 'तीन मंत्र' ही रचना आज उपलब्ध आहे. १९३९ साली आकाशवाणीच्या कामासाठी तो कलकत्त्यास गेला आणि तेथे पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, २५ एप्रिल रोजी, पटकीने त्याचा अंत झाला. भारतात लिहिलेल्या त्याच्या अनेक रचना पुढे गहाळ झाल्या. मॉड मॅकार्थी यांनी उत्तरायुष्यात संन्यास घेऊन स्वामी ओमानंद पुरी हे नाव धारण केले. जगातील सर्व मृत सैनिकांसाठी गाणारा हा मनुष्य आपल्या भूमीत चिरविश्रांती घेतो आहे, आणि आपल्यापैकी किती जणांना त्याचे नाव ठाऊक आहे?

कव्हेंट्रीची रात्र

दुसरी कथा दुसऱ्या महायुद्धातील आहे. १४ नोव्हेंबर १९४० च्या चांदण्या रात्री जर्मनीच्या सुमारे पाचशे विमानांनी इंग्लंडमधील कव्हेंट्री या औद्योगिक नगरावर हल्ला चढविला. या मोहिमेला जर्मनांनी सांकेतिक नाव दिले होते 'मूनलाइट सोनाटा', म्हणजे बीथोव्हनच्या एका अतिशय कोमल रचनेचे नाव! संगीताची याहून क्रूर विटंबना कोणती असेल? पहाटेपर्यंत साडेपाचशेहून अधिक नागरिक ठार झाले होते आणि नगराचे मध्ययुगीन सेंट मायकेल कॅथिड्रल जळून खाक झाले होते. उभ्या राहिल्या त्या केवळ बाहेरच्या भिंती आणि मनोरा.

त्या राखेत दोन जळक्या तुळया आडव्या-उभ्या पडलेल्या एका गवंड्याला दिसल्या. त्याने त्या बांधून क्रूस उभा केला. छताचे जुने खिळे जोडून आणखी एक क्रूस तयार झाला. तेथील प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षीच्या नाताळात भग्नावशेषांतून केलेल्या नभोवाणी भाषणात सूड नको असे आवाहन केले. पुढे १९४८ साली त्यांनी पडक्या भिंतीवर, पित्याने क्षमा करावी अशा अर्थाचे दोनच शब्द कोरविले. कोणाला क्षमा करावी, हे मुद्दामच लिहिले नाही. 'त्यांना' हा शब्द गाळला, कारण क्षमेची गरज साऱ्यांनाच आहे अशी त्यांची धारणा होती.

बंधू-भगिनींनो, हे सारे ऐकावयास गोड वाटते. पण ज्या घरातील माणसे आदल्या महिन्यात ढिगाऱ्याखालून काढली होती, त्या घरांना ते कसे वाटले असेल? क्षमा हा शब्द ज्याने सोसले आहे त्याच्याच तोंडी शोभतो. बाहेरच्याने तो सांगू नये. कव्हेंट्रीच्या शब्दांना वजन आले ते ते कव्हेंट्रीच्या माणसाने, कव्हेंट्रीच्या राखेत उभे राहून उच्चारले म्हणून.

जुन्या भग्न वास्तूला तसेच ठेवून तिच्या शेजारी नवे कॅथिड्रल बांधावयाचे ठरले. बेसिल स्पेन्स हे वास्तुविशारद. २५ मे १९६२ रोजी ते पावन झाले आणि त्या निमित्ताने बेंजामिन ब्रिटन यांना संगीतरचना करण्याचे निमंत्रण गेले. देशाच्या नावाशी उच्चारसाम्य असले तरी हे आडनाव आहे. ३० मे १९६२ रोजी त्यांचे 'वॉर रेक्विएम' नव्या वास्तूत प्रथम सादर झाले.

प्रार्थना आणि प्रश्न

ब्रिटन हे शांततावादी होते. कोणत्याही कारणाने शस्त्र धरणार नाही, अशी त्यांनी दुसऱ्या महायुद्धात शासनासमोर नोंद केली होती. राष्ट्ररक्षणासाठी शस्त्र हाती घेणे हे कर्तव्य मानणाऱ्या आपणा बहुतेकांना ही भूमिका पटणार नाही. मलाही पटत नाही. समोर हिटलर उभा असताना सर्वांनीच ती स्वीकारली असती तर काय झाले असते, हा प्रश्न योग्यच आहे. परंतु एखाद्याची भूमिका न पटताही त्याचे कार्य निरखता येते, आणि या रचनेत निरखण्यासारखे पुष्कळ आहे.

ब्रिटन यांनी लॅटिन प्रार्थनेच्या शब्दांमध्ये एका सैनिक कवीच्या नऊ कविता गुंफल्या. तो कवी म्हणजे विल्फ्रेड ओवेन. हा घरी बसून युद्धाची निंदा करणारा नव्हता. खंदकातील मानसिक आघाताने आजारी पडून इंग्लंडमध्ये परतलेला हा अधिकारी १९१८ मध्ये पुन्हा आघाडीवर गेला, शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस या पदकाचा मानकरी ठरला आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समध्ये एका कालव्यापाशी लढताना पंचविसाव्या वर्षी पडला. युद्ध संपावयास अवघे सात दिवस उरले होते. ११ नोव्हेंबरला श्रूझबरी गावी युद्धसमाप्तीच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोहोचली.

या ओवेनच्या आईने १९२० साली रवींद्रनाथ ठाकुरांना एक पत्र लिहिले. मुलाने अखेरचा निरोप घेताना 'गीतांजली'तील शब्द उच्चारले होते. त्याची खिशातील वही घरी परत आली तेव्हा तिच्यात तेच शब्द, खाली रवींद्रनाथांचे नाव घालून, त्याच्या हस्ताक्षरात लिहिलेले सापडले. ते कोणत्या पुस्तकात आहेत, हे त्या माउलीला जाणून घ्यावयाचे होते. तेथे कबीर, येथे रवींद्रनाथ! मरणाच्या दारात उभे असलेल्यांना या भूमीने काहीतरी दिले आहे, याची ही दोन साधी प्रमाणे आहेत.

'वॉर रेक्विएम'मध्ये कलावंतांचे तीन गट आहेत. मोठा गायकवृंद, स्त्रीगायिका आणि पूर्ण वाद्यवृंद लॅटिन प्रार्थना गातात. तो समाजाचा, विधीचा आवाज होय. दोन पुरुष गायक लहानशा वाद्यमेळासह ओवेनच्या कविता गातात. तो सैनिकांचा आवाज. आणि दुरून, ऑर्गनच्या साथीने, लहान मुलांचा वृंद गातो. तो जणू या जगापलीकडचा. प्रार्थना म्हणते, की यांना शांती लाभो. सैनिक विचारतात, की आमच्यासाठी घंटा कोण वाजविणार? समाजाचा विधी आणि सैनिकाचा अनुभव यांतील अंतर ब्रिटन यांनी झाकले नाही. समाज मोठमोठे शब्द उच्चारतो तेव्हा ज्यांनी ते भोगले त्यांचेही ऐकावे, असा त्याचा आशय.

संगीताच्या जाणकारांसाठी एक बाब सांगतो. आरंभापासून या रचनेत दोन स्वर घंटेवर वाजत राहतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर षड्ज आणि तीव्र मध्यम. तंबोऱ्यावर षड्ज-पंचम ऐकण्याची आपल्या कानांना सवय. पंचमाच्या अगदी उंबरठ्यावर येऊन थांबणारा हा तीव्र मध्यम मनाला स्वस्थ बसू देत नाही. ब्रिटन यांनी नेमकी ही अस्वस्थता साऱ्या रचनेत पसरवली आहे. पहिल्या भागाच्या अखेरीस, दुसऱ्याच्या अखेरीस आणि सर्वांत शेवटी गायकवृंद वाद्यांवाचून, अगदी हळू आवाजात, काही स्वरसंगती गातो आणि ती अस्वस्थता अकस्मात निवते. सुमारे दीड तासाच्या तणावानंतर आलेली ती शांती सहजासहजी मिळालेली नाही, हे ऐकणाऱ्यास उमगते.

शत्रू आणि बंधू

पहिल्या प्रयोगासाठी ब्रिटन यांनी तीन एकल गायक मनाशी योजिले होते : इंग्लंडचा पीटर पीअर्स, जर्मनीचा डीट्रिश फिशर-डिस्काऊ आणि रशियाची गालिना विश्नेव्स्काया. तीन राष्ट्रे, ज्यांनी त्या युद्धात सर्वाधिक भोगले त्यांपैकी. परंतु सोव्हिएत शासनाने विश्नेव्स्कायाला अनुमती नाकारली! कामगारांच्या आंतरराष्ट्रीय बंधुत्वाचा घोष अहोरात्र करणाऱ्या राजवटीला आपल्या एका गायिकेने जर्मन आणि इंग्रज गायकांच्या शेजारी उभे राहून मृतांसाठी प्रार्थना म्हणणे सहन झाले नाही. तिच्या जागी हीदर हार्पर या गायिकेने अल्पावधीत भूमिका सिद्ध करून गायिली. पुढे जानेवारी १९६३ मध्ये ध्वनिमुद्रण झाले तेव्हा मात्र विश्नेव्स्काया आली आणि त्या ध्वनिमुद्रिकेच्या काही महिन्यांतच दोन लाख प्रती खपल्या. गंभीर संगीताच्या बाबतीत ही गोष्ट अपूर्वच होती.

फिशर-डिस्काऊ हा स्वतः जर्मन सैन्यात सक्तीने भरती झालेला आणि इटलीत युद्धकैदी झालेला. रचनेच्या अखेरच्या भागात तो मृत जर्मन सैनिक होतो. ओवेनच्या कवितेत मरणोत्तर अंधारात दोन सैनिक भेटतात, आणि एकाला कळते, की समोरचा हा तोच आहे ज्याला आपण काल मारले. मग दोघे एकत्र निद्रेच्या अधीन होतात. पहिल्या प्रयोगात हा भाग गाताना फिशर-डिस्काऊला अश्रू आवरले नाहीत.

हे ऐकताना आपल्याला महाभारतातील स्त्रीपर्वाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. युद्ध संपले आहे, पांडव विजयी आहेत आणि व्यासांनी आपल्याला विजयोत्सवात न नेता कुरुक्षेत्रावर, रडणाऱ्या स्त्रियांमध्ये नेले आहे. गांधारी आपल्या शंभर पुत्रांसाठी रडते, तशीच अभिमन्यूच्या देहाशी बसलेल्या उत्तरेकडे पाहूनही व्याकूळ होते. युधिष्ठिर आज्ञा देतो, की दोन्ही पक्षांतील सर्वांचे, ज्यांचे येथे कोणीही नाही अशा दूरदेशीच्या वीरांचेही, अंत्यसंस्कार व्हावेत. आणि गंगेच्या काठी जलदान चालू असता कुंती सांगते, की कर्णालाही जल द्या. तो तुमचा थोरला भाऊ होता. ज्याला शत्रू म्हणून मारले तो बंधू होता, हे कळते ते असे, तर्पणाच्या क्षणी. व्यासांनी युद्ध टाळावे असे अखेरपर्यंत सांगितले, धर्मासाठी लढणेही सांगितले आणि लढल्यावर रडणेही सांगितले. यांतील एकही गोष्ट दुसरीला खोटे ठरवीत नाही.

कव्हेंट्रीच्या कथेलाही दुसरी बाजू आहे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री इंग्लंडच्या विमानांनी जर्मनीतील ड्रेस्डेन भस्मसात केले. सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. तेथील क्रॉयत्सकिर्श या चर्चच्या शतकानुशतके चालत आलेल्या बालगायकवृंदातील अकरा मुले त्यात गेली. त्यांचे गुरुजी रुडॉल्फ माउअर्सबेर्गर यांनी काही आठवड्यांतच, उजाड झालेल्या नगरीचा विलाप सांगणाऱ्या बायबलमधील वचनांना स्वर दिला. ४ ऑगस्ट १९४५ रोजी त्याच जळक्या चर्चमध्ये, उरलेल्या मुलांकडून त्यांनी ती रचना गाऊन घेतली. १९५९ साली कव्हेंट्री आणि ड्रेस्डेन या नगरांनी एकमेकांशी भगिनीत्वाचे नाते जोडले आणि १९६५ मध्ये इंग्लंडमधील तरुण स्वयंसेवक ड्रेस्डेनमधील उद्ध्वस्त रुग्णालय उभारण्यास गेले. गाण्याने युद्ध थांबत नाही. परंतु युद्धानंतर दोन गावांनी एकमेकांकडे पाहावे कसे, हे शिकविण्याचे काम गाण्याने येथे निश्चित केले.

आपल्या घरातील नावे

आता आपल्याकडे वळू. पहिल्या महायुद्धात भारतातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतील ७० हजारांहून अधिक परतली नाहीत. बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेटवर दररोज सायंकाळी ८ वाजता बिगुलावर 'लास्ट पोस्ट' वाजते. १९२८ पासूनचा हा परिपाठ दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याची वर्षे वगळता अखंड चालू आहे. त्या कमानीवरील नावांत भारतीय नावेही आहेत. मेसोपोटेमियातील कुतच्या वेढ्यात मराठा पलटणींनी उपासमार आणि कैद सोसली. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आत्मार्पण करून व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधव यांनी तोच सन्मान प्राप्त केला. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एकाच गावातील ४६ जण कामी आले.

ती माणसे परक्या राज्यकर्त्यांसाठी लढली, मग त्यांचे स्मरण आपण का करावे, असे कोणी विचारील. युद्ध कोणाचे होते हा इतिहासाचा प्रश्न आहे. परंतु माणूस आपला होता, आणि त्याची वाट पाहणारी आईही आपलीच होती. तिच्या अश्रूंवर कोणत्याही साम्राज्याचा शिक्का नाही.

स्वतंत्र भारताने १९४७-४८, १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे पाहिली. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचे लोकार्पण झाले आणि तेथे २५ हजारांहून अधिक नावे कोरली गेली. पुण्यातील दक्षिण कमानीचे युद्धस्मारक तर नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. दगडाच्या बाबतीत आपण बरेच सावरलो आहोत.

स्वराच्या बाबतीत काय? जानेवारी १९६३ मध्ये तिकडे लंडनमध्ये 'वॉर रेक्विएम'चे ध्वनिमुद्रण चालले होते आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस दिल्लीत लता मंगेशकरांनी 'ऐ मेरे वतन के लोगो' गायिले. शब्द कवी प्रदीप यांचे, संगीत पुणतांब्याचे सुपुत्र रामचंद्र चितळकर, अर्थात सी. रामचंद्र यांचे. चीनकडून झालेल्या पराभवाची जखम ओली होती. त्या गीतात विजयाचा उन्माद नाही. पडलेल्यांची आठवण आहे, आणि म्हणूनच ते साठ वर्षे टिकले. बीटिंग रिट्रीट सोहळ्यात वर्षानुवर्षे वाजणारी 'अबाइड विथ मी' ही इंग्रजी प्रार्थनेची धून २०२२ पासून वगळण्यात आली आणि तिच्या जागी याच गीताची धून आली. या बदलावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ चर्चा झाली. मला त्यात एवढेच सांगावयाचे आहे, की धून बदलणे हे पहिले पाऊल आहे. ती धून लाउडस्पीकरवर लावून आपण चहा पीत उभे राहणार असू, तर कोणती धून वाजते याने काही फरक पडत नाही. स्मरणगीत ऐकावयाचे नसते, ते गावयाचे असते. 'वर्ल्ड रेक्विएम'ला साडेबाराशे कलावंत लागले ते केवळ भव्यतेसाठी नव्हेत. त्यातील कितीतरी गायक हे हौशी, साधे नागरिक होते. त्यांनी महिनोन्महिने तालीम केली, आणि ती तालीम हेच त्यांचे श्राद्ध होते.

समूहस्वर आपल्याला नवा नाही. आपल्या गावोगावच्या वीरगळांवर खाली युद्ध कोरलेले असते, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवपूजन. आपला शाहीर एकटा गात नाही. त्याच्यामागे झीलकरी उभे असतात आणि शाहिराने सांगितलेला पराक्रम ते आपल्या आवाजात उचलून धरतात. झीलकऱ्यांवाचून पोवाडा उभा राहत नाही. वीराच्या मागे समाज उभा असावा, हाच त्याचा अर्थ नव्हे काय? पोवाड्याने पराक्रम गायिला. त्याच परंपरेला आता मागे राहिलेल्यांचे दुःखही गाता आले पाहिजे. आपल्या तरुण कवींना आणि संगीतकारांना माझे हे आवाहन आहे. पाश्चात्त्यांची नक्कल करू नका. आपल्या ओवीत, अभंगात, पोवाड्यात, आपल्या रागांत अशी रचना करा, जी एखाद्या शाळेतील मुले, भजनी मंडळ आणि माजी सैनिक एकत्र गाऊ शकतील.

तोवर एक साधी गोष्ट आपल्या हाती आहे. आपल्या गावात वा तालुक्यात जे सैनिक कामी आले, त्यांची नावे शोधा. कित्येक गावांत जुन्या चावडीच्या वा शाळेच्या भिंतीवर, या गावातून इतके जण महायुद्धात गेले व इतके परतले नाहीत, असे सांगणारा संगमरवरी फलक आजही चुन्याखाली दबलेला आहे. तो धुऊन काढा. वर्षातून एक दिवस ठरवा. त्या दिवशी भाषणे कमी करा, नावे वाचा, दोन मिनिटे उभे राहा आणि मग सर्वांनी मिळून एक गीत म्हणा. ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांना खुर्ची देऊन मंचावर बसवू नका. त्यांच्या शेजारी उभे राहून गा.

शोक करणारे राष्ट्र दुबळे असते, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. जे राष्ट्र आपल्या मृतांची नावे विसरते, त्याच्या सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला ठाऊक असते, की उद्या आपलेही नाव विसरले जाईल. आणि ज्याला ठाऊक आहे, की आपल्यामागे आपले गाव आपल्यासाठी उभे राहून गाईल, तो अधिक निश्चिंत मनाने उभा राहतो. शांतीची प्रार्थना आणि रक्षणाची सिद्धता ही एकाच घराची दोन दारे आहेत. ती दोन्ही उघडी राहोत, एवढी अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.